शनेल नंबर 19 की क्रिस्टाल? बेळगावच्या हवेत कोणते घ्यावे?

टिळकवाडीकर:
नमस्कार. मी बेळगावातील एका महाविद्यालयात शिकवते. गोड परफ्यूम मला सोसत नाहीत. पाने चुरडल्यावर येतो तसा हिरवा वास आणि त्याच्या मागून फुले, असे काही रोजच्या वापरासाठी हवे आहे. पुण्याहून भाचीने शनेलच्या नंबर 19 आणि क्रिस्टाल या दोन्हींच्या ओ द तॉयलेटचे (परफ्यूमच्या सौम्य प्रकाराचे) नमुने पाठवले आहेत. दोन्ही आवडले, परंतु किंमत पाहता एकच बाटली घेता येईल. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि खिडक्या लावलेल्या वर्गात यांपैकी कोणते शोभेल?

खानापूरकर:
ताई, दोन्ही परफ्यूम आंरी रोबेर यांनीच रचलेले आहेत, पहिले 1970 चे आणि दुसरे 1974 चे, त्यामुळे निवड करताना गोंधळ होणे स्वाभाविक आहे. नंबर 19 चा सुरुवातीचा कडवट हिरवेपणा गॅल्बनम या डिंकाचा असून तो इराणात उगवणाऱ्या फेरुला प्रजातीतील झाडापासून मिळतो. आपला हिंगही त्याच प्रजातीतला. (हे कळल्यावर आमच्या घरी कोणी तो परफ्यूम हुंगायलाच तयार होईना.) मात्र गॅल्बनम लवकर मागे सरतो आणि मग आयरिस या फुलझाडाच्या मुळांचा थंड, पावडरीसारखा वास वर येतो. ही मुळे जमिनीतून काढल्यावर काही वर्षे सुकवत ठेवावी लागतात, तेव्हा कुठे त्यांना तो वास येतो. तळाशी वाळा आणि चामडे उरते. क्रिस्टालमध्ये लिंबू व बर्गमॉट पुढे असतात आणि लिंबूवर्गीय घटक सर्वांत आधी उडून जातात. म्हणून पहिल्या पाच मिनिटांवर न जाता दुपारी अंगावर काय उरते ते पाहावे. माझे मत नंबर 19 ला.

निपाणीकर:
मी सहमत नाही. नंबर 19 मधील चामड्याची छटा बंद वर्गात करडी वाटते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर क्रिस्टालच सुसह्य ठरते. एक सावधगिरी मात्र बाळगा: क्रिस्टालचे ओ द पार्फम (ओ द तॉयलेटहून तीव्र प्रकार) हे 1993 साली झाक पोल्झ यांनी केलेले वेगळे, अधिक फुलांचे रूप आहे, आणि 2011 चे नंबर 19 पूद्रे हेही मूळ नंबर 19 नव्हे. तेव्हा बाटलीवरील नाव पूर्ण वाचूनच पैसे द्यावेत.

टिळकवाडीकर:
आपणा दोघांचे आभार. दोन मनगटांवर दोन्ही लावून शिकवून पाहिले. क्रिस्टालची सुरुवात मला अधिक प्रिय आहे, पण मधल्या सुट्टीपर्यंत ते जवळजवळ विरले; नंबर 19 मधील वाळा संध्याकाळी घरी येईपर्यंत टिकला. आता सुरुवात सोडवत नाही आणि शेवटही.

खानापूरकर:
मग क्रिस्टाल घ्या आणि त्याखाली मनगटाला वाळ्याच्या अत्तराचा अगदी बारीक ठिपका लावा. आयरिस मिळणार नाही, पण तळ मिळेल. अत्तर तेलकट असते, तेवढे रेशमी साडीपासून दूर ठेवा.