शान्सोन म्हणजे नेमकं काय म्हणायचं मराठीत?

गवतीचहा:
मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्याकडे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सात-आठ टाळकी जमतात, ज्याची पाळी त्याने दहा मिनिटं बोलायचं आणि मग गाणी ऐकवायची, यावेळी पाळी माझी आहे आणि मी हाना हेगेरोव्हा ऐकवणार आहे. ही बाई स्लोव्हाक, जन्म ब्रातिस्लावाचा, १९३१ चा, पण सगळं करिअर प्रागमध्ये आणि गायली बहुतेक चेक भाषेत. नाटकात होती, सिनेमात होती, पण लोक ओळखतात ते गाण्यामुळे. तिकडे तिला चेकोस्लोव्हाक शान्सोनची फर्स्ट लेडी म्हणायचे. मी ऑनसाइट प्रागला होतो तेव्हा घरमालकीणबाई रविवारी बटाटे सोलताना तिची रेकॉर्ड लावायच्या, एका गाण्यात सुई नेमकी एकाच जागी अडकायची आणि बाई सुरी हातात तशीच धरून उठून सुई पुढे सरकवून यायच्या, त्यामुळे ते गाणं माझ्या डोक्यात आजही त्या अडखळीसकटच वाजतं.

तर प्रश्न असा, शान्सोनला मराठीत काय म्हणू? भावगीत लिहिलं तर लोकांना वाटणार चांदणं, पारिजातक वगैरे. आणि तिच्या रेकॉर्ड्सची नावं मराठीत सांगायची आहेत, तिथेही घोळ आहे. मदत करा.

पेटीमास्तर:
मुळात हा शब्द फ्रेंच ना? मग शाँसों लिहा की. शेवटचा न पूर्ण उच्चारतच नाहीत फ्रेंच लोक, नाकातून सोडून देतात.

गवतीचहा:
फ्रेंच बरोबर, पण मास्तर, चेक आणि स्लोव्हाकमध्ये तो शब्द गेला तो न सकट गेला, ते सरळ शान्सोन म्हणतात, आणि गाणारीला शान्सोनिएर्का. बाई प्रागची असेल तर तिच्या गावचा उच्चार धरावा असं माझं मत. नाहीतर आपण हापूसला अल्फान्सो म्हणायला लागू.

मालवणीमिरी:
नाकातले स्वर कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला फुकट मिळालेत, आमच्या कोकणीत ते अजून जिवंत आहेत, तेव्हा शाँसों आम्ही म्हणू, तुम्ही घाटावरचे शान्सोन म्हणा 😄

व्याकरणकिडा:
उच्चार सोडा, अर्थाचं बघा, खरी गंमत तिथे आहे. फ्रेंचमध्ये हा शब्द म्हणजे नुसतं गाणं. कुठलंही गाणं. पण शब्द देशाबाहेर पडला की त्याचा अर्थ आक्रसतो. जर्मन आणि चेक लोकांनी तो एका विशिष्ट प्रकारापुरता ठेवला, म्हणजे ज्यात शब्द आधी आणि चाल मागून येते, गाणारी व्यक्ती एखादं पात्र उभं करते, तीन-चार मिनिटांत एक अख्खी गोष्ट होऊन जाते. आणि रशियात तर हाच शब्द आज तुरुंग, गुन्हेगार, फरारी माणसं यांच्या गाण्यांना वापरतात. मॉस्कोतल्या टॅक्सीवाल्याला शान्सोन लाव म्हणालात तर हेगेरोव्हा नाही लागणार, वेगळंच काहीतरी लागेल. आपल्याकडे पण बघा, नाश्ता म्हटलं की काहीही खाणं, पण टिफिन म्हटलं की डबाच, मूळ इंग्रजीत तो डबा नव्हता.

पेटीमास्तर:
हे मस्त. म्हणजे शब्द परदेशी गेला की त्याला नोकरी ठरवून मिळते.

अडकित्ताआजी:
मी एक सुचवू का. बैठकीची लावणी. बाई बसलेली असते, एकेका शब्दावर थांबते, तीच ओळ चारदा म्हणते आणि चारही वेळा अर्थ वेगळा, चेहऱ्याने आणि हाताने अदा करते. तुम्ही जे वर्णन केलंत ते मला तेच वाटलं.

गवतीचहा:
आजी, तुमचं खूप जवळ जातंय, म्हणजे अदा हा शब्द तर मी उचललाच, पण एक फरक आहे. लावणीत ओळ पुन्हा पुन्हा येऊन तिचे पापुद्रे सुटतात. शान्सोनमध्ये गोष्ट पुढे पुढे जात राहते, परत आलेली ओळ सुद्धा पहिल्या वेळेपेक्षा वय वाढून येते. आणि हेगेरोव्हा उभी असते, मागे ऑर्केस्ट्रा, हालचाल अगदी कमी. आवाज खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी गाणं सोडून ती चक्क बोलून टाकते.

पेटीमास्तर:
मग नाट्यपद? रंगभूमीवरूनच आली ना ती?

गवतीचहा:
हो, रंगभूमीवरूनच. प्रागमधलं रोकोको थिएटर, मग सेमाफोर. आता सेमाफोर हाच शब्द बघा, शब्दचर्चा आहे म्हणून सांगतो. सेमाफोर म्हणजे चेकमध्ये सिग्नल, पण नाटक कंपनीचं नाव म्हणून तो चेक शब्दांची आद्याक्षरं जोडून केलाय, सेद्म मालीख फोरेम, म्हणजे सात छोटे कलाप्रकार, से-मा-फोर. १९५९ साली यिर्झी सुखी आणि यिर्झी श्लित्र या दोघांनी काढलं. एक शब्द लिहायचा, एक चाल बांधायचा. यांच्याच एका गाण्यापासून हेगेरोव्हा घराघरात गेली, स्टुडन्ट स रुदीमा उशिमा, लाल कानांचा विद्यार्थी.

मालवणीमिरी:
सुखी आडनाव? सुखी माणसाचा सदरा 😄

व्याकरणकिडा:
मिरीताई, हसू नका, उलटं आहे. चेकमध्ये सुखी म्हणजे कोरडा, सुका! संस्कृत शुष्क, आपला सुका आणि त्यांचा सुखी एकाच मुळाचे. तुमच्या सुक्या बांगड्याचा लांबचा चुलतभाऊ आहे तो. आणि वर रुदी आलंय ना, लालभडक या अर्थाचा, तो आपल्या रुधिरचा नातेवाईक. अजून ऐका, उशिमा हे रूप भारी आहे. चेकमध्ये द्विवचन केव्हाच गेलं, पण डोळे, कान, हात, पाय या जोडीने येणाऱ्या अवयवांच्या तृतीयेत त्याचा अवशेष राहिलाय. आपण शाळेत संस्कृतच्या तासाला द्विवचनाच्या नावाने बोटं मोडली, तिकडे ते एका पोरट्याच्या कानांत जिवंत आहे.

अडकित्ताआजी:
कान लाल कशाने झाले पण त्याचे? मास्तरांनी पिळले की लाजला?

गवतीचहा:
आजी, गाणं ऐकवीन तेव्हा सांगतो, आत्ता सांगितलं तर माझ्या शनिवारी काय उरेल.

फिरस्तीचप्पल:
स्लोव्हाक बाई चेकमध्ये गायची म्हणजे काय, मराठी माणसाने कोकणीत गाण्यासारखं? की हिंदीत?

गवतीचहा:
दोन्ही भाषा एकमेकांना कळतात, बऱ्याच. पण एक अक्षर आडवं येतं. चेकमध्ये एक र आहे ज्यात र आणि झ एकदम म्हणावे लागतात, संगीतकार द्वोर्झाकच्या नावात आहे तो, सुखीच्या यिर्झीत पण आहे. स्लोव्हाकमध्ये तो नाहीच. म्हणजे ज्याच्या घरी ळ नाही त्याने मराठीत गायला उभं राहायचं, आणि ते पण असं गाणं ज्यात शब्दच सगळं काही आहेत. उदाहरण देतो, चेरीला स्लोव्हाक लोक चेरेश्न्ये म्हणतात, चेक लोकांच्या त्याच शब्दात सुरुवातीलाच तो अवघड र ठाण मांडून बसलाय. तिचं चेरेश्न्ये हे गाणं मात्र स्लोव्हाक आहे आणि ते चेक लोकांनाही तोंडपाठ. मला व्यक्तिशः असं वाटतं की त्या गाण्यात तिची जीभ चपला काढून बसलीय.

व्याकरणकिडा:
वा, चपला काढून बसलीय. आणि आडनावातलं ओव्हा? ते बहुतेक बायकांना असतं तिकडे, टेनिसवाल्यांमुळे माहितीये.

गवतीचहा:
हो, नवरा हेगेर, म्हणून ही हेगेरोव्हा, म्हणजे हेगेरची. हाना पण जन्माचं नाव नाही, जन्मनावात कार्मेन आणि मारिया होतं. पण हा ओव्हा फक्त आडनावातला नाही बरं का. तिचं एक फार गाजलेलं गाणं आहे लेवांडुलोव्हा, त्यात तोच प्रत्यय विशेषण करतो, लॅव्हेंडरची, जांभळट, त्या वासाची अशी कोणी ती. लेवांडुलोव्हा आणि हेगेरोव्हा एका साच्यातले शब्द आहेत हे मला त्या घरमालकीणबाईंनीच बटाट्याच्या सालीने टेबलावर अक्षरं मांडून दाखवलं होतं.

आता रेकॉर्ड्सची नावं. १९६६ ची पहिली मोठी रेकॉर्ड, नाव सरळ, हाना हेगेरोव्हासोबत शान्सोन. सुप्राफोनची. सुप्राफोन म्हणजे प्रागची तेव्हाची सरकारी रेकॉर्ड कंपनी, ब्रातिस्लावात ओपुस निघाली ती १९७१ मध्ये, तोवर ही प्रागची झालेली होती. १९७१ ची रेसिताल. मग जर्मन भाषेत पण काही रेकॉर्ड्स केल्या पश्चिम जर्मनीच्या श्रोत्यांसाठी, पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात पण गायली. रेसितालला मैफल म्हणून मोकळा होतोय मी, चालेल ना?

पेटीमास्तर:
मैफल चालेल. एकट्याची मैफल.

गवतीचहा:
१९७७ ची आहे लास्को प्रोक्लेता. ही माझी लाडकी आणि हीच अडते. लास्का म्हणजे प्रेम, लास्को हे त्याचं संबोधन, प्रोक्लेता म्हणजे शापित. आता चेकमध्ये प्रेम स्त्रीलिंगी, आपलं नपुंसकलिंगी. शापित प्रेमा लिहिलं की वाटतं प्रेमा नावाच्या कोणी बाईला शिव्या देतोय.

मालवणीमिरी:
मेल्या प्रेमा! जळ्ळं मेलं ते प्रेम! आमच्याकडे असंच म्हणतात, यात शाप पण आला.

व्याकरणकिडा:
मिरीताईंचं भाषांतर अर्थाने सगळ्यात बरोबर आहे, पण स्त्रीलिंगी हवंय तर प्रीत घ्या. शापित प्रीती, हाक मारताना प्रीते. जुनाट वाटेल थोडं पण लिंग आणि संबोधन दोन्ही शाबूत राहतं. स्लोव्हाकमधून संबोधन जवळजवळ गेलंय, चेकमध्ये आहे, म्हणजे या स्लोव्हाक बाईने प्रेमाला हाक मारायला विभक्ती सुद्धा शेजाऱ्याची घेतली.

गवतीचहा:
हे मी चोरतोय शनिवारसाठी. अजून एक, रेकॉर्डच्या नावाचं हे गाणं मुळात जाक ब्रेल या गायकाचं फ्रेंच गाणं आहे, न म कित पा, मला सोडून जाऊ नको. पावेल कोप्ताने चेक शब्द लिहिले आणि त्याने तो विनवणीचा अर्थच ओळीतून काढून टाकला. पण मोजा, ने-मे-कि-ते-पा, गाताना पाच सूर. लास-को-प्रो-क्ले-ता, पाच. म्हणजे त्याने अर्थाऐवजी मापं पाळली, आणि ब्रेल जिथे माणसाला थांब म्हणतो तिथे ही प्रेमालाच समोर बसवून जाब विचारते.

पेटीमास्तर:
पाच मात्रांत मराठी? जा-ऊ-न-को-रे. बसलं बघा.

अडकित्ताआजी:
बसलं, पण रे आला की पुरुषाला झालं. ती तर प्रेमाशी भांडतेय. अ-गं-प्री-ती-गं, घ्या पाच.

गवतीचहा:
आजींना साष्टांग.

पुढे १९८४ ची ओहलेदनुत्यी, म्हणजे मागे वळून पाहणं. सिंहावलोकन लिहू का?

पेटीमास्तर:
नको हो, सिंहावलोकन म्हटलं की पतसंस्थेचा वार्षिक अहवाल डोळ्यासमोर येतो, मागच्या पानावर संचालकांचे फोटो. वळून बघताना, एवढंच ठेवा.

गवतीचहा:
ठेवलं. १९८७ ची पोत्मन्येशिली होस्त, संगीत पेत्र हापका, शब्द मिखाल होराचेक. होस्त म्हणजे पाहुणा, यजमान नाही, तिथे फसू नका. पोत्मन्येशिली म्हणजे लबाड, पण उघड लबाड नाही, पोटात एक ठेवणारा. पोत्मन्ये म्हणजे अंधारात, तेवढं तर शब्दात दिसतंच. कपटी पाहुणा लिहिलं तर शकुनीमामा आल्यासारखा वाटतो.

अडकित्ताआजी:
आतल्या गाठीचा पाहुणा.

व्याकरणकिडा:
याच्या पुढे चर्चा नको. संपलं.

गवतीचहा:
खरंच संपलं. मी दोन दिवस धूर्त, कावेबाज, छुपा रुस्तम असं काय काय खरडत होतो.

फिरस्तीचप्पल:
सिनेमात पण होती म्हणालात, ते राहिलं.

गवतीचहा:
हो, पटकन सांगतो, गाण्यावर यायचंय. दिग्दर्शक कारेल काखिन्याचा १९६३ चा नाद्येये, म्हणजे आशा, समोर रुडॉल्फ ह्रुशिन्स्की. आणि १९६४ चा म्युझिकल, ज्याचं नाव म्हणजे अर्धंच वाक्य आहे, हजार क्लॅरिनेट असते तर, त्यात बंदुकांची वाद्यं होऊन जातात. अर्धवट वाक्याचं नाव मराठीत चांगलं शोभतं, आपण तर वर कितीतरी गोष्टी टांगून ठेवतो.

एक संकलन आहे, पाब्येर्की आ पाम्लस्की. पाम्लस्की म्हणजे गोडधोड, चटकमटक. पाब्येर्की म्हणजे पीक कापून नेल्यावर शेतात मागे राहिलेली कणसं, गरीब बायका वेचून नेतात ती. म्हणजे इकडे तिकडे राहिलेली गाणी गोळा केलेली. याला मी उरलंसुरलं लिहिलंय.

अडकित्ताआजी:
अहो उरलंसुरलं काय, ते शिळ्या भाजीला म्हणतात. याला सरवा म्हणतात. सरवा वेचायला जायचो आम्ही लहानपणी, ज्वारी काढून झाली की मालक स्वतःच सांगायचा जा पोरींनो, ओच्यात भरून आणायचो, त्याची भाकरी वेगळीच लागायची, कदाचित फुकटची म्हणून. सरवा आणि खाऊ. असं लिहा.

व्याकरणकिडा:
सरवा! हा शब्द मी फक्त कोशात बघितला होता आजी, वापरणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

गवतीचहा:
सरवा आणि खाऊ. हे तर मूळ नावापेक्षा बरं वाटतंय मला, पण हे प्रागमध्ये सांगू नका कोणी. शेवटचं एक, २०१० चं, बाई तेव्हा ऐंशीला टेकलेल्या, म्लीन्स्के कोलो व सर्दत्सि मेम. माझ्या हृदयातलं चक्कीचं चाक, पण चक्की म्हटलं की आपल्याकडे पिठाची गिरणी, पट्टा, पांढरे झालेले केस आणि दळण कधी मिळेल हा प्रश्न. हे पाण्यावर फिरणारं चाक आहे. मेम म्हणजे माझ्या, ते मुद्दाम शेवटी आणलंय, कवितेत आणतात तसं.

पेटीमास्तर:
हृदयी माझिया पाणचक्की. जातं म्हणायचा मोह होतोय, ओवी वगैरे, पण जातं हाताने फिरतं, हे पाणी फिरवतंय, आपण नाही. जातं नको.

गवतीचहा:
पटलं. २०११ मध्ये तब्येतीमुळे स्टेज सोडलं त्यांनी, २०२१ च्या मार्चमध्ये प्रागमध्येच गेल्या.

तर आता मूळ शब्दाचं काय ते सांगा, कागदावर एक शब्द हवाय. भावगीत नाही, लावणी नाही, नाट्यपद नाही.

व्याकरणकिडा:
शान्सोनच ठेवा. गझलला आपण कुठे मराठी शब्द शोधला? खाली एक ओळ टाका, अदा करून सांगितलेली गोष्ट.

मालवणीमिरी:
आणि सुरुवात चेरेश्न्येने करा, लोकांना चपला काढून बसू द्या.

अडकित्ताआजी:
शनिवारी किती वाजता? मी येते, पण सरवा झाला, खाऊ कोण आणतंय ते आधी ठरवा.