पहिली आखाजी : घागर भरायची, पण झोका बांधायचा का?

वाघूरकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे मूळ गाव जळगाव जिल्ह्यातले असले तरी वडिलांच्या निवृत्तीनंतर आमचे सगळे बिऱ्हाड पिंपरी-चिंचवडला आले. गेल्या दिवाळीनंतर वडील वारले. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. येत्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. मातीच्या घागरीत पाणी भरायचे, तिच्यावर लहान मडके ठेवायचे, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे मांडायचे, उंबरठा पुजायचा, हे सारे आईला पाठ आहे. त्यामुळे विधी कसा करावा, हा माझा प्रश्न नाही.

अडचण घरातल्या मतभेदाची आहे. दुखवट्याचे वर्ष असल्याने यंदा झोका बांधू नये, लेकींनी नटूनथटून येऊ नये आणि आमरस-पुरणपोळीचा स्वयंपाक पितरापुरताच करावा, असे आईचे म्हणणे आहे. उलट धाकट्या बहिणीची ही लग्नानंतरची दुसरी आखाजी असून तिला माहेरी यायची ओढ आहे. आप्पांचा स्वभाव पाहिला तर त्यांनाही हे सुतकी वातावरण रुचले नसते. चैत्र-वैशाखात दुपारची झोप मोडून ते ओट्यावर डांगर घेऊन बसत, विळीवर त्याच्या सारख्या फोडी करत आणि पोस्टमनपासून भांडीवालीपर्यंत जो येईल त्याला हातात फोड दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. फोड गोड निघाली की त्यांना स्वतःला खाल्ल्याहून अधिक आनंद होई. खांबाशी टांगलेल्या झोक्यावर भाच्या बसलेल्या असत आणि एका हाताने फोडी कापता कापता ते दुसऱ्या हाताने झोका देत.

थोरल्या दादांच्या मनात काही वेगळेच आहे. विधीवर फार भर न देता आप्पांच्या नावाने गावच्या बसथांब्यावर पाण्याची टाकी द्यावी आणि तिच्यावर नावाची पाटी लावावी, असे त्यांना वाटते. कल्पना चांगली आहे, परंतु अशा टाक्यांचे पुढे काय होते ते आपण सर्वजण पाहतोच. आनंद, स्मरण आणि सत्कर्म या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात बसवता येतील का, आणि आईचे मन न दुखवता ते कसे करावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

उंबरठा

ताई, आमचे सासर-माहेर दोन्ही धुळे जिल्ह्यातले. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आखाजी हा आनंदाचा सण की पितरांचा, असा वाद आमच्या लहानपणी कोणाच्या डोक्यातही आला नाही, कारण तो एकाच दिवशी दोन्ही होता. सकाळी चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांच्या नावाने घास टाकला जाई, आणि दुपारी त्याच घरातल्या लेकी निंबाच्या झाडाखाली झोक्यावर बसून गाणी म्हणत. शेतीचे वर्षही त्याच दिवशी बदलत असे; जुन्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याचा, हिशेब पुरा होई आणि नव्याचा करार ठरे. पुरुषमंडळी पत्ते कुटत बसत, ते मात्र मला कधीच आवडले नाही. ज्यांनी हे दिवस लावून दिले त्यांना स्मरण आणि झोका एकमेकांच्या आड येतात असे वाटले असते, तर त्यांनी या दोहोंसाठी वेगवेगळ्या तिथ्या सहज नेमल्या असत्या. वर्षाला तिथ्या काही कमी नाहीत.

सुतक दहा दिवसांचे असते आणि तेरावे झाले की ते प्रकरण संपते. वर्षभर सण न करणे हा घराघरांतला रिवाज आहे. तो मोडा असे मी म्हणणार नाही. आईंच्या दुःखाला त्या रिवाजाचा आधार वाटत असेल, तर तो आपण हिसकावून घेऊ नये. मात्र त्यांना एवढे विचारून पाहा की लेकीने माहेरी येणे हा सण आहे की तिचा हक्क. आमच्याकडे सासरे गेले त्या वर्षी सासूबाईंनी झोका बांधू दिला, परंतु स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसल्या. कोणी त्यांना आग्रह केला नाही. संध्याकाळी धाकटी नात रडू लागली, तेव्हा त्याच उठून तिला झोका द्यायला गेल्या.

आता उंबरठ्याविषयी. कुंकवाचे एकेक बोट उमटवत एकेका पूर्वजाचे नाव घ्यायचे, हा माझ्या मते या दिवसाचा गाभा आहे, आणि नेमका तोच आता घाईत उरकला जातो. आप्पांचे नाव घेतल्यावर पुढे कोण, हे तुमच्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक आहे? पुरुषांची नावे निदान सातबाऱ्यावर तरी सापडतात. पणजीचे नाव, तिचे माहेर, ती कशाने गेली, हे कोठेच लिहिलेले नसते. यंदा आईंना शेजारी बसवून ही नावे वहीत उतरवून घ्या. आमच्या घरी एक बोट सासऱ्यांच्या जुन्या सालदाराच्या नावाचे उमटते. त्याने आमच्या शेतात आयुष्य काढले आणि त्याच्यामागे नाव घेणारे कोणी नव्हते. एका नातलगाने यावर नाक मुरडले होते. त्यांना सांगितले की तर्पणाच्या मंत्रांतही ज्यांना आई-बाप-बंधू कोणी नाही अशांसाठी पाणी सोडलेले आहे. तेथे शास्त्र आपल्यापेक्षा उदार आहे.

गोणपाट

दादांच्या टाकीविषयी लिहितो, कारण आम्ही काही मित्र मिळून चाळीसगावकडे एका फाट्यावर पाणपोई चालवतो.

टाकी देणे सोपे असते. अवघड असते ते पाणी देणे. उन्हाळ्यात आमच्या भागात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी भर दुपारी हात धुण्याच्याही लायकीचे राहत नाही, मग ते पिणार कोण? त्यानंतर तोटी चोरीला जाते, खाली शेवाळ धरते आणि 'यांच्या स्मरणार्थ' ही पाटी तेवढी शाबूत राहते. अशी कोरडी टाकी रोज पाहणाऱ्या माणसाच्या मनात त्या नावाविषयी काय येत असेल, याचा विचार दात्याच्या घरच्यांनी करावा.

आम्ही पुन्हा रांजणाकडे वळलो. रांजण ओल्या वाळूत अर्धा रोवायचा आणि वर ओले गोणपाट गुंडाळायचे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते आणि बाहेर त्याची वाफ होताना आतली उष्णता निघून जाते, त्यामुळे वीज किंवा बर्फ न वापरता पाणी गार राहते. नवा रांजण रात्रभर पाण्याने भरून ठेवावा आणि ते पहिले पाणी झाडांना घालावे. जड पाण्यातल्या क्षारांनी एक-दोन हंगामांत छिद्रे बुजतात, म्हणून तो बदलण्याची तयारी ठेवावी. एक गंमत सांगतो. एका दात्याने वडिलांचे नाव रांजणावर ठळक दिसावे म्हणून त्याला बाहेरून सगळीकडे ऑइलपेंट दिला. छिद्रे बंद झाली आणि पाणी तापू लागले. शेवटी तो रांजण धान्याला दिला आणि नाव शेजारच्या झाडाला फळीवर टांगले.

खरा खर्च माणसाचा असतो. रांजण रोज धुणे, भरणे, झाकणे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी वाढणे, हे करायला कोणीतरी लागते. आम्ही गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत फाट्यावरच्या एका आजींना महिन्याचे पैसे ठरवून देतो. दादांनी टाकीचा पैसा याच कामी लावावा आणि गावात राहणाऱ्या एखाद्या चुलतभावाला त्यावर लक्ष ठेवायला सांगावे. तुमच्या वडिलांना माणसांना थांबवून काही देण्याची आवड होती, तर शेवटच्या एसटीने उतरणाऱ्याला कोणी विचारून पाणी देणे त्यांच्या स्वभावाला अधिक जुळेल.

शंकाखोर

मी विधी मानत नाही आणि मेलेल्या माणसाला घागरीतले पाणी पोचते यावर माझा विश्वास नाही. तरीही या धाग्यावर वाद घालायला आलेलो नाही. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी ही दोन कामे आरंभीच येतात. नाशिक, आळंदी, पंढरपूरच्या त्यांच्या धर्मशाळा कोणाच्याही जातीचा किंवा पितरांचा हिशेब न विचारता चालल्या. मला खटकते ते एवढेच की घागर भरून झाल्यावर ते पाणी बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशी कुंडीत ओतले जाते. धर्मशास्त्रानेही या तिथीला पाण्याने भरलेल्या कुंभाचे दान सांगितले आहे, म्हणजे ते पाणी कोणाच्या तरी घशाखाली उतरावे अशीच अपेक्षा आहे. इथे श्रद्धाळू आणि माझ्यासारखे नास्तिक एकाच ओळीत बसू शकतात.

पन्हे

मी पुण्याची असल्याने आखाजीतले मला फारसे कळत नाही. पण आमच्याकडे चैत्र शुद्ध तृतीयेला मांडलेल्या चैत्रगौरीची बोळवण याच अक्षय्य तृतीयेला होते. त्या निमित्ताने हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे असते. सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही आरास आणि हळदीकुंकू केले नाही, परंतु पन्हे केले आणि इमारतीत येणाऱ्या प्रत्येक डिलिव्हरीच्या मुलाला दिले. सण न करता सणातले देणे तेवढे चालू ठेवायला कोणाची हरकत नसते, असा अनुभव आला. तुमच्या आईंनाही हे पटण्याजोगे वाटते.

वाघूरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठाताईंचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. लेकीच्या हक्काचे वाक्य ऐकून ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मात्र बहिणीला फोन करून 'आदल्या दिवशीच ये, सांजोऱ्या करायला हात लागतील' असे म्हणाली. झोका गच्चीवर न बांधता घरातच, दाराच्या वरच्या कडीला लहान मुलींपुरता बांधायचा, असे ठरले आहे. नवी साडी नेसणार नाही, हे आईने आधीच बजावले असून आम्ही तो विषय पुन्हा काढणार नाही. वहीत आतापर्यंत आप्पांच्या आजीपर्यंतची नावे आली आहेत. तिचे माहेर यावलकडचे होते, एवढे कळले. गाव कोणते ते आत्याला विचारायचे आहे. थोरल्या दादांनी रांजणाचे मान्य केले, परंतु फळी हवीच असा त्यांचा आग्रह आहे. असू द्या, फळी लाकडाचीच आहे.

आणखी एक अडचण उरते. गावी पितर म्हणून जेवायला भाऊबंदांतले एखादे वडीलधारे येत. इथे आमचे कोणी नाही. आईला वाटते की आप्पांच्या वयाच्या कोणाला तरी बोलवावे. आमच्या सोसायटीचे रखवालदार काका त्याच वयाचे आहेत आणि आप्पांची रोज संध्याकाळी त्यांच्याशी गप्पांची बैठक असे. त्यांना बोलावले तर चालेल का, आणि त्यांना ते कमीपणाचे तर वाटणार नाही?

उंबरठा

ताई, अवश्य बोलवा. ज्याच्याशी आप्पा रोज बोलत, त्याच्यापेक्षा जवळचा भाऊबंद तुम्ही शहरात कोठून आणणार? फक्त बोलावण्याची रीत सांभाळा. आदल्या दिवशी येता-जाता 'उद्या जेवायला या' असे सांगू नका. चार दिवस आधी दादांनी स्वतः खाली जाऊन, कोणाच्या नावाने बोलावतो आहोत ते स्पष्ट सांगून आमंत्रण द्यावे. पितर म्हणून जेवायला बसणे काहींना आवडत नाही, काहींना त्याची भीतीही वाटते. म्हणून त्यांना नाही म्हणायला जागा ठेवा. तेही बाहेरगावचे असतील, तर त्यांच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी काही असेल का तेही विचारा.

त्यांची पाळी सहसा बारा तासांची असते. दिवसाची असेल तर तासाभरासाठी बदली माणूस मिळावा म्हणून सोसायटीच्या सचिवांशी आधीच बोलून ठेवा. नाहीतर बिचारे फाटकाकडे कान लावून घाईघाईत जेवतील. ताट खाली केबिनमध्ये पाठवू नका. त्यांना घरात पाटावर बसवा, आधी पाय धुवायला पाणी द्या, आणि आग्रह करकरून आमरस वाढा. टोपी-उपरणे द्यायचे असेल तर त्यांना वापरता येईल असे द्या. जेवण झाल्यावर ती भरलेली घागर त्यांनाच दिली तर वरच्या शंकाखोर दादांचेही समाधान होईल. त्या केबिनच्या पत्र्याखाली मे महिन्यात गार पाण्याची किती गरज असते, ते तुम्ही रोज पाहताच. मात्र घागरीखाली ठेवायला तिवई आणि वर झाकण सोबत द्या, आणि ती चौथ्या मजल्यावरून खाली नेऊन ठेवण्याचे काम त्यांच्यावर टाकू नका.