गोविंद तळवलकर वाचायला सुरुवात कुठून करावी?

पैलतीर: नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात गावचं घर आवरताना बाबांची कात्रणवही सापडली. दुकानाची जुनी हिशेबवही, तिच्यात 'महाराष्ट्र टाइम्स'मधले तळवलकरांचे अग्रलेख खळीने चिकटवलेले, वर लाल शाईत तारीख. काही पानं कसरीने खाल्ली आहेत. लेकीची बारावी झाली, तिला राजकीय पत्रकारिता करायची आहे. चार कात्रणं वाचून म्हणाली, "आई, शब्द कळतात, पण हे कशाबद्दल चाललंय तेच कळत नाही." तिला काय, कुठल्या क्रमाने द्यावं?

शाईचे डाग: ताई, ती वही अजिबात हलवू नका, आधी प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा. खळ सुटली की कागदही जातो.

तळवलकर डोंबिवलीचे, जन्म १९२५. १९५० मध्ये 'लोकसत्ता'त आले. १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' (मटा) निघाला तेव्हा द्वा. भ. कर्णिक संपादक होते. तळवलकर तिथे गेले आणि १९६८ पासून १९९६ पर्यंत संपादक राहिले. काँग्रेसची फूट, बांगलादेश, आणीबाणी, गिरणी संप, सोव्हिएत संघाचा अंत, बाबरी, सगळं त्याच खुर्चीत बसून पाहिलं. आधी कम्युनिस्ट असलेले आणि पुढे त्या चळवळीपासून दूर गेलेले विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा संस्कार होता, म्हणून कम्युनिस्ट राजवटींवरची त्यांची टीका अभ्यासातून आलेली वाटते. लेकीला आधी 'वाचता वाचता' द्या. पुस्तकांवरचे लेख आहेत, संदर्भ लेखातच मिळतो, अडायला होत नाही. मग 'नौरोजी ते नेहरू'. 'सत्तांतर' सगळ्यात शेवटी. त्याचे खंड आहेत, धीर लागतो.

रानवारा: थोडं वेगळं मत. तळवलकर टेबलावरचे, ग्रंथांतले पत्रकार. मुलीला राजकीय वार्ताहर व्हायचं असेल तर अरुण साधू आधी वाचावेत. मंत्रालयाच्या व्हरांड्यात बातमी कशी फिरते, कोण कोणाला काय आणि का सांगतं, हे 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'मध्ये जसं दिसतं तसं कुठल्याच अग्रलेखात दिसणार नाही. कादंबऱ्या असल्या तरी लिहिणारा हाडाचा पत्रकार होता, पुढे पुणे विद्यापीठात पत्रकारिता विभागाचा प्रमुखही झाला. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' हा १९७९ चा सिनेमा तिला दाखवा, निळू फुल्यांनी केलेला पत्रकार दिगू टिपणीस बघू दे. दोघेही २०१७ मध्ये गेले, तळवलकर मार्चमध्ये ह्यूस्टनला, साधू सप्टेंबरमध्ये.

शाईचे डाग: साधूंबद्दल मान्य, ते वाचायलाच हवेत. पण 'टेबलावरचे' म्हणून बाजूला ठेवू नका हो. बातमी आणणारे पुष्कळ मिळतात. आज घडलेल्या गोष्टीची मुळं चाळीस वर्षं मागे जाऊन दाखवायची, तीही संध्याकाळी पान लागायच्या आत, हे फार थोड्यांना जमलं. आमच्या घरी पेपर आला की वडील पहिलं पान सोडून थेट अग्रलेख उघडत.

दादर लोकल: पुस्तकांची नावं आलीच आहेत, मी पद्धत सांगतो. मी स्वतः असाच शिकलो. अग्रलेख हा त्या दिवसाच्या वाचकासाठी लिहिलेला असतो, काल काय झालं ते त्याला ठाऊक आहे असं धरून. तुमच्या लेकीला तोच 'काल' मिळत नाहीये. वहीतली एक तारीख घ्या. जवळच्या जुन्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली आहेत का विचारा आणि आदल्या तीन दिवसांची पहिली पानं तिला वाचू द्या. मग पेन देऊन सांगा, आता तू वीस ओळींत तुझं मत लिही. ते झाल्यावरच कात्रण उघडायचं. त्यांनी काय गाळलं हे तिला तेव्हा दिसेल. आठवड्याला एक पुरे. आणि हो, कात्रणाची मागची बाजूही बघा.

पैलतीर: सगळ्यांचे मनापासून आभार. काल एक करून पाहिलं. ऑगस्ट १९९१, मॉस्कोत गोर्बाचेव्हविरुद्ध बंड झालं त्या आठवड्यातलं. फायली अजून मिळाल्या नाहीत, म्हणून मी आठवेल तसं तोंडी सांगितलं: रणगाडे, येल्त्सिन, तीन दिवसांत फसलेलं बंड. लेकीने दीड पान लिहिलं, मग कात्रण वाचलं आणि लगेच तेच पुन्हा वाचलं. मागच्या बाजूला अर्धी सिनेमाची जाहिरात होती, तिच्यावर बाबांनी एका शब्दाचा अर्थ लिहून ठेवला होता: 'अभिजन'.

आता 'सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त' हवंय तिला. ठाण्याच्या बाजूला कोणाकडे वाचायला मिळेल का?

शाईचे डाग: माझ्याकडे आहे. मुखपृष्ठ सुटलंय, पानं सगळी आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी स्टेशनवर आणून देतो.