आडनाव हा 'शब्द' आहे का? (निमित्त: स्पुर्झहाइम)

तिरकस_रेघ
भाच्याच्या मोबाइलवर रोज एक इंग्रजी शब्द येतो आणि खाली तो वापरलेली वाक्यं. परवाचा शब्द 'स्पुर्झहाइम'! अहो, हे आडनाव आहे. योहान गास्पार स्पुर्झहाइम (१७७६–१८३२), जर्मन डॉक्टर. कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगणाऱ्या फ्रेनॉलॉजीचा प्रचारक. बहुतेक वाक्यांत नुसतं 'गॉल आणि स्पुर्झहाइम'. भाचा विचारतो, "मावशी, हे नाम की विशेषण?"
'कुलकर्णी काल नाशिकला गेले' हे पन्नासदा वाचून कुलकर्णी कळतात का? अशी आडनावं शब्दांच्या यादीतून काढून टाकावीत, असं माझं स्पष्ट मत.

वाळवी
असहमत. खरी गंमत त्या 'आणि'मध्येच आहे. फ्रेनॉलॉजी मुळात फ्रान्झ योझेफ गॉलची. स्पुर्झहाइम त्याचा मदतनीस. १८१३ मध्ये दोघांचं फाटलं. १८१५ मध्ये स्पुर्झहाइमने लंडनला इंग्रजीत पुस्तक काढलं आणि शीर्षकातच 'डॉक्टर गॉल आणि स्पुर्झहाइम' असं घातलं. मदतनीस एका उभयान्वयी अव्ययाच्या जोरावर भागीदार झाला! इंग्रजीत ही जोडी मग रुळलीच. उलट 'मोबी डिक' कादंबरीत (१८५१) देवमाशाच्या कपाळाची चर्चा चालते तिथे 'गॉल आणि त्याचा शिष्य स्पुर्झहाइम' असं येतं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा, मानापमानाचा अख्खा प्रयोग दिसेल.

तिरकस_रेघ
हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. त्या यादीतल्या वाक्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हणजे मुद्दा माझाच.

खडूस_मास्तर
मी तिसरंच म्हणतो. थोतांडवाल्याचं नाव पोरांच्या जिभेवर हवंच कशाला? आपल्याकडे तळहात बघतात, यांनी टाळू बघितली. फरक एवढाच की यांनी त्याला विज्ञान म्हटलं. १८३० च्या दशकात मध्य भारतात फाशी दिलेल्या ठगांपैकी सात जणांच्या कवट्या एडिंबराला याच मंडळींकडे गेल्या. कशाला, तर गुन्हेगारी कुठे उगवते ते मोजायला.

वाळवी
मास्तर, थोतांड होतं हे कबूल, पण माणूस पोकळ नव्हता. 'एडिंबरा रिव्ह्यू' या नियतकालिकाने १८१५ मध्ये त्याची सालटी काढली, तेव्हा हा थेट एडिंबराला गेला आणि टीकाकारांसमोर मेंदू फाडून दाखवला. मेंदूची चिरफाड करण्यात तो आणि गॉल दोघेही खरोखर तरबेज होते.
दुसरं, गॉलने मेंदूत चक्क खुनाचं इंद्रिय मानलं होतं. स्पुर्झहाइमने त्याचं नाव बदलून 'विध्वंसकता' केलं. माणूस जन्मतः खुनी नाही, प्रवृत्तीचा अतिरेक वाईट, असा त्याचा सूर. आणि हो, 'फ्रेनॉलॉजी' हा शब्दही ना गॉलचा, ना याचा. १८१५ मध्ये फॉर्स्टर नावाच्या इंग्रजाने तो काढला, याने उचलला.

खडूस_मास्तर
खुनाला विध्वंसकता म्हटलं की झालं? आमच्या सोसायटीत पाणीकपातीला 'जलनियोजन' म्हणतात, टाकी तरी रिकामीच.

दुसरी_भाषा
जरा अवांतर. जर्मन शिकवते म्हणून राहवत नाही. मूळ उच्चार 'श्पुर्ट्सहाइम'च्या जवळचा. सुरुवातीचा 'स' तिथे 'श' होतो आणि 'झ' तर नाहीच. यादीत शब्द घालणाऱ्यांनी निदान उच्चार तरी द्यायचा! आडनाव अडतं ते बोलताना, अर्थाशी नाही. तेवढ्यासाठी मी वाळवींच्या बाजूने.

तिरकस_रेघ
मग ते उच्चारकोशात घाला, माझी ना नाही. 'वाक्यात उपयोग करा' म्हणू नका. शेक्सपिअरचं वेगळं, 'स्वतःला शेक्सपिअर समजतो' म्हटलं की समोरच्याला कळतं. 'स्वतःला स्पुर्झहाइम समजतो' म्हणून बघा, डॉक्टरकडे नेतील.

वाळवी
१८३२ च्या बॉस्टनमध्ये नसतं नेलं. तिथे व्याख्यानं देता देताच तो तापाने गेला. दफन माउंट ऑबर्नला, आणि कवटी हार्वर्डच्या शरीरशास्त्र संग्रहात. दुसऱ्यांच्या कवट्या चाचपणाऱ्याची कवटी फडताळात! आता द्या भाच्याला हे वाक्यात उपयोग करायला.

तिरकस_रेघ
दिलं. त्याने लिहिलं: "स्पुर्झहाइम वॉज बरीड विदाउट हिज हेड". वाचून दोन मिनिटं हसत होता. आडनावाला शब्द म्हणायला मी अजूनही तयार नाही.

खडूस_मास्तर
वाक्य बरं आहे. पूर्णविराम विसरलाय.