रात्रपाळीत लावलेला २४ तासांचा बीपी रिपोर्ट कसा वाचायचा?

चाकण_पाळी: रिपोर्टमध्ये दिवसाची (सकाळी ६ ते रात्री १०) सरासरी १२८/८२ आणि रात्रीची १२५/८० आहे. शेरा 'नॉन-डिपर' (झोपेत बीपी पुरेसं उतरत नाही). पट्टा लावला तेव्हा रात्रपाळी होती, झोप सकाळी ९ ते दुपारी ३. हा शेरा धरायचा का? आणि रात्री २ चं कॅन्टीनचं जेवण चालू ठेवावं का?

नाडीपरीक्षा: असा शेरा धरू नका. मशीनने तुमची झोप 'दिवसात' मोजली आणि काम 'रात्रीत'. टेक्निशियनला झोपेची वेळ ९ ते ३ टाकून रिपोर्ट पुन्हा काढायला सांगा, रीडिंग मशीनमध्ये असतातच. हिशेब असा: समजा जागेपणीची वरच्या आकड्याची सरासरी १३४ आणि झोपेतली ११८ आली, तर १६ भागिले १३४, म्हणजे साधारण १२ टक्के घट. १० ते २० टक्के घट नेहमीची. १० च्या खाली असेल तरच नॉन-डिपर. जागेपणीची निदान २० आणि झोपेतली ७ रीडिंग धड आली आहेत ना, तेही बघा. पट्टा फुगताना हात हलला की रीडिंग वाया जातं. आणि झोपच तुटक झाली असेल तर घट कमी दिसणारच, त्यामुळे डायरीत जाग आल्याच्या वेळा लिहा.

घड्याळ_मेंदूतलं: रात्री २ चं जेवण बंद करा, असंच माझं ठाम मत. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, पण यकृत, स्वादुपिंड यांची घड्याळं जेवणाच्या वेळेवरही हलतात. दोन्हींची फारकत झाली की त्रास. बॉस्टनमध्ये २० निरोगी तरुणांना कृत्रिम रात्रपाळीत ठेवलं होतं (निष्कर्ष २०२५ मध्ये आले). रात्रीही जेवणाऱ्यांच्या रक्तात गुठळी टिकवणारं पीएआय-१ हे प्रथिन वाढलं, फक्त दिवसा जेवणाऱ्यांचं वाढलं नाही. अभ्यास लहान आहे, तरी दिशा स्पष्ट आहे.

पोटभर भाकरी-भाजी, वरण-भात ड्यूटीआधी संध्याकाळी ७-७:३० ला. रात्री १२ ते पहाटे ५ फक्त पाणी. अगदीच भूक लागली तर मूठभर फुटाणे, वडापाव नको. सकाळी ९ ला झोपायचं तर चहा-कॉफी पहाटे ३ नंतर बंद. कंपनीच्या बसमध्ये गडद गॉगल लावा (स्वतः गाडी चालवत असाल तर नको, डोळा लागतो). झोपायच्या खोलीत जाड पडदा हवाच: एका प्रयोगात झोपेत फक्त १०० लक्स (उजेडाचं माप) उजेड पडला तरी नाडी वाढली आणि सकाळी इन्सुलिनला दाद कमी मिळाली.

गोळीवाले: मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर जेवण सरकवण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, नाहीतर पहाटे साखर खाली जाईल. बीपीच्या गोळीची वेळ मात्र डोक्यात घेऊ नका. ब्रिटनमधल्या २१ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत सकाळी की रात्री, याने हृदयविकार-पक्षाघातात फरक पडला नाही. पाळी बदलली तरी चुकणार नाही अशी वेळ ठरवा, उदाहरणार्थ उठल्यावर दात घासताना.