घोड्याच्या आर्टेरायटिस व्हायरसचं जीपी५: अँटिबॉडी नेमकी कुठे बसते ते सापडेना

रानवारा
नमस्कार मंडळी. एक मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे (एकच ठरावीक जागा ओळखणारी), सशाच्या मूत्रपिंडाच्या आरके-१३ पेशींवर व्हायरसला मस्त अडवते, पण जीपी५ वर, म्हणजे व्हायरसच्या आवरणातल्या प्रोटीनवर, ती बसते कुठे ते काही केल्या कळेना. बाहेरच्या भागाचे १५-१५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड (प्रोटीनचे छोटे तुकडे) मागवले, दर वेळी ३ नं पुढे सरकत, सरळ प्लेटवर लावले, तीनदा केलं आणि तिन्ही वेळा सगळी प्लेट कोरी, फक्त शेवटच्या ओळीत जिथे आख्खा व्हायरस होता तिथे निळा आणि ॲसिड टाकलं की पिवळाधम्मक. म्हणजे अँटिबॉडी ठीक आहे ना? मग पेप्टाइडच खराब आले का? महिना गेला यात, गाइडना काय सांगू?

जुना_व्हेट
अगं, पेप्टाइडना लगेच दोष देऊ नकोस. जीपी५ एकटं नसतंच, त्याचं ३४ नंबरचं अमिनो आम्ल, सिस्टीन, व्हायरसच्याच एम प्रोटीनच्या ८ नंबरच्या सिस्टीनला बांधलेलं असतं आणि ती जोडी जमली तरच नीट आकार येतो. तुझी अँटिबॉडी आकार ओळखत असेल तर सुट्या तुकड्यांत तिला काहीच दिसणार नाही. वेस्टर्न ब्लॉट कर (प्रोटीन जेलवर वेगळी करून अँटिबॉडीने शोधायची), एका सॅम्पलमध्ये डीटीटी (सिस्टीनमधले बंध तोडणारं रसायन), दुसऱ्यात नाही. डीटीटीवाल्यात बँड गेला तर समजून जा, ती आकारच ओळखते.

पिपेटवाली
दादांचं पटतंय, पण त्याआधी कॅरिअर स्टॅलियनचं (व्हायरस अंगात बाळगणाऱ्या नर घोड्याचं) सीरम त्याच प्लेटवर लाव, सीरममध्ये सरळ तुकडे ओळखणाऱ्या अँटिबॉडी पण असतात, ते प्लेटच्या काही विहिरींत (खाचांत) चमकलं तर पेप्टाइड चांगले. नाही चमकलं तर बायोटिन (प्लेटवर पकड देणारा रेणू) लावलेले मागव, छोटे पेप्टाइड प्लेटला नीट चिकटत नाहीत, मी यात खूप दिवस घालवलेत.

जुना_व्हेट
हो, सीरम आधी, बरोबर. आणि आकाराचंच प्रकरण निघालं तर एस्केप म्युटंट (अँटिबॉडीला चुकवणारे बदललेले व्हायरस) काढ. व्हायरस अँटिबॉडीसोबतच वाढव, जो वाचेल त्याचं जीपी५ सीक्वेन्स कर. व्हायरसला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडींच्या जागा आधीच माहीत आहेत, जीपी५ ची अमिनो आम्लं नंबर ४९, ६१, ६७ ते ९० आणि ९९ ते १०६, तिथेच कुठेतरी बदल सापडायची शक्यता जास्त. पण बदललेलं अमिनो आम्ल म्हणजेच बसायची जागा असं धरू नकोस हं, लांबच्या बदलानेही आकार बिघडतो. तो एकच बदल इन्फेक्शस क्लोनमध्ये (व्हायरसच्या जीनोमची प्रत, जिच्यापासून जिवंत व्हायरस बनतो) घालून पुन्हा तपास. स्टॅलियनच्या वीर्यात हा व्हायरस वर्षानुवर्षं राहतो आणि बदलतो तो याच पट्ट्यात, म्हणून तुझं काम महत्त्वाचं आहे, सोडू नकोस.

रानवारा
दोघांचे खूप आभार!! सीरम काही विहिरींत चमकलं, म्हणजे पेप्टाइड चांगलेच होते, आणि काल वेस्टर्न केलं तर डीटीटी नसलेल्या लेनमध्ये जाड बँड, शेजारच्या लेनमध्ये काहीच नाही. गाइडना फोटो दाखवला. सोमवारपासून एस्केप म्युटंट, अँटिबॉडी किती घालायची ते आधी बघतेय.