पॉल्टन आणि पामर: माणूस एकच

कुणीतरी विचारलंय, १९१४च्या इंग्लंडच्या रग्बी कर्णधाराचं नाव कुठे पॉल्टन, कुठे पॉल्टन-पामर का दिसतं? माणूस एकच, रोनाल्ड. वडील ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड पॉल्टन, तर मामा 'हंटली अँड पामर्स' या बिस्किट कंपनीच्या घराण्यातले. मामांच्या मृत्युपत्रात वारसाहक्कासाठी पामर आडनाव लावण्याची अट होती, म्हणून १९१४ साली नाव बदललं. जुनी गुणपत्रकं शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

इंग्लंडकडून त्याचे १७ सामन्यांत ८ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्यातले चार एकाच सामन्यातले: एप्रिल १९१४, पॅरिसजवळचं कोलोंब, फ्रान्सविरुद्ध ३९-१३. तेव्हा ट्रायला ३ गुण मिळत, आज ५ मिळतात. त्यामुळे गुणांवरून तुलना करण्यात अर्थ नाही. त्याआधीचा स्कॉटलंडविरुद्धचा सामना जेमतेम १६-१५ असा सुटला. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या विजेत्याला मिळणारा कलकत्ता कप म्हणजे कलकत्त्याच्या रग्बी क्लबने बंद होताना खात्यातले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला, नागाच्या मुठींचा चषक.

पहिल्या महायुद्धात रोनाल्ड रॉयल बर्कशायर या ब्रिटिश रेजिमेंटच्या १/४ (चौथीची पहिली) बटालियनमध्ये लेफ्टनंट होता. बेल्जियममधल्या प्लूगस्टीर्टची जमीन पाणथळ. खंदक खोल खणले की पाणी लागायचं, म्हणून वाळूच्या पोत्यांचे बांध जमिनीवर रचावे लागत. हे काम रात्रीच चाले, आणि देखरेख करणारा अधिकारी उघड्यावर येई. ५ मे १९१५ला मध्यरात्रीनंतर असंच काम करून घेताना त्याला गोळी लागली. वय २५. दफन तिथल्याच हाइड पार्क कॉर्नर (रॉयल बर्क्स) दफनभूमीत.